तिन्ही घोडे एकदम झोपले

ही गोष्ट एकोणीसशे सत्त्याऐंशी सालची. खरी आहे. पटली तर घ्या, नाही पटली तर सोडून द्या. कोणाला पटवत बसायचं माझं वय राहिलेलं नाही.

आधीच सांगते, यात अंधारी रात्र नाही. भुतं रात्रीच येतात हे कोणी ठरवलं कोण जाणे. हे सगळं लख्ख दुपारी घडलं, शहराबाहेरच्या एका कुरणात, माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत.

ताई लहानशा गावात मुलांना घोडेस्वारी शिकवायची. तिच्याकडे तीन घोडे होते. काजळी नावाची काळी घोडी, ठेंगू नावाचं तट्टू आणि मास्तर. मास्तर म्हातारा घोडा. नाव मुलांनी ठेवलेलं, कारण तो कधी बसायचा नाही आणि कोणाला दंगा करू द्यायचा नाही.

घोड्यांची एक रीत असते. कळपातले सगळे एकदम आडवे होत नाहीत. एक जण उभा राहतो, कान टवकारून. राखणीला. ताईकडे ते काम मास्तरचं होतं. काजळी आणि ठेंगू दुपारी लोळायचे, मास्तर उभ्याउभ्या डुलकी काढायचा. ताईनं त्याला आडवा झालेला कधी पाहिला नव्हता.

ही रीत लक्षात ठेवा.

त्या साली ताईच्या यजमानांची मूत्रपिंडं बिघडली. रक्त शुद्ध करायचं यंत्र फक्त शहरात, आणि एक दिवसाआड जायचं. गाव सोडणं आलं. त्यातच घोडे चरायचे ती जमीनही मालकानं महिनाअखेर मोकळी करून मागितली.

ताईचे धाकटे दीर शहरात राहायचे. ते तयारीनिशी आले.

"वहिनी, घोडे विकून टाका. मी गिऱ्हाईक बघून ठेवलंय. इस्पितळासमोरच फ्लॅट मिळतोय, लिफ्टसुद्धा आहे."

"लिफ्टमध्ये मास्तर मावेल का, भाऊजी?"

"चेष्टा नको, वहिनी."

"मग तुम्हीही करू नका."

काजळी आणि ठेंगू विकले गेले असते. मास्तरला मात्र कोणी घेणार नव्हतं. त्याचं काय होईल हे कोणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळत होतं.

"महिनाअखेरपर्यंत जागा मिळाली नाही तर?" दिरांनी विचारलं.

"मिळेल."

"आणि नाहीच मिळाली तर?"

"तर तुमच्या गॅरेजात बांधीन."

यजमान आजारी असूनही खुदकन हसले. तेवढंच बळ तिला पुरलं.

जागांच्या एका दलालाच्या स्कूटरवर मागे बसून ताई शहराच्या चारी बाजू हिंडली. एक जागा खाणीशेजारी, दर तासाला सुरुंग. एक सखल, चिखलाची, तिथे खूर कुजले असते. एकीला चहूबाजूंनी काटेरी तार. ताई म्हणाली, "इथे घोडे ठेवण्यापेक्षा तुम्हालाच ठेवते." दलाल कंटाळला. मग म्हणाला, "एक आहे. पण..."

"पण काय?"

"काही नाही. बघा तर खरं."

जागा दिसताच ताई स्कूटरवरून उतरून थेट आत शिरली. दगडी तबेला. उताराची, कोरडी जमीन. लाकडी कुंपण. समोर दोन खोल्यांचं घर, खिडकीतून सगळं कुरण दिसावं असं. शहराची बस दारातून जाणारी.

कुरणाच्या फाटकाजवळ तेवढं गवत नव्हतं. तिथे जमिनीत दोन खळगे होते, शेजारी शेजारी, पावलांच्या आकाराचे. जुन्या उंबऱ्याचा दगड झिजतो तसे गुळगुळीत.

"आधी कोण राहायचं इथे?"

"मेंढ्या पाळणारा होता एक. एका दिवसात सामान हलवलं त्यानं. मेंढ्या मात्र टाकून गेला."

"टाकून? का?"

दलालानं स्कूटरला किक मारली. "निघेनात म्हणे."

ताईनं जागा घेतली. दुसरं करणार काय होती?

पहिला आठवडा बरा गेला. एवढंच की मास्तर सारखा फाटकाकडे बघायचा. ताईला वाटलं, जुनं गाव आठवत असेल.

मग ती दुपार आली.

ताई घरात भांडी घासत होती. बाहेरून घोड्यांचा काहीतरी आवाज कायम येत असतो. फुरफुरणं, शेपटीचा फटका, खूर आपटणं. कान त्याला इतके सरावतात की तो ऐकूच येत नाही.

तो थांबला... तेव्हा ऐकू आला.

ताईनं खिडकीतून पाहिलं. हातातलं पातेलं खाली पडलं.

तिन्ही घोडे आडवे होते. मास्तरसुद्धा. पाय ताणून, मान जमिनीवर टाकून.

विषारी गवत खाल्लं, मेले, असं म्हणत ती अनवाणी धावली. मास्तरच्या अंगावर पडलीच म्हणा ना. पोट गरम होतं. वर-खाली होत होतं.

तो घोरत होता.

तिन्ही घोडे गाढ झोपले होते. लहान मुलं घरात मोठं माणूस आहे म्हणून झोपतात ना... तसे.

ताई गवतात बसून राहिली. आणि तिच्या मनात आलं ते तिनं मला पुढे अनेकदा सांगितलं.

हे तिघं झोपलेत... मग राखणीला उभं कोण आहे?

तेवढ्यात झोपेतच तिन्ही घोड्यांचे कान वळले. एकाच दिशेला. फाटकाकडे.

फाटकाजवळ कोणी नव्हतं. फक्त ते दोन खळगे.

संध्याकाळी तिनं यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "फुकट राखणदार मिळाला. बिघडलं काय?"

बिघडायला लागलं ते हळूहळू. ताई हाक मारायची, घोडे यायचे नाहीत. आधी फाटकाकडे बघायचे, जणू परवानगी विचारताहेत. मग यायचे. पुढेपुढे तेही बंद झालं. दाणा घेऊन गेली तर खायचे, पण बाहेर काढायला गेली की फाटकापाशी चारी पाय रोवायचे. एकदाही कोणी बाहेर पडेना.

मेंढ्या निघेनात म्हणे.

दीर भेटायला आले. त्यांनी पाच मिनिटं फाटकाला टेकून काढली आणि पांढरे पडून आत आले. "वहिनी, तिथे... कोणीतरी माझ्या मानेवर श्वास सोडला. आत्ताच्या आत्ता निघा इथून."

"घोड्यांशिवाय?"

"घोड्यांशिवाय."

"मग तुम्ही निघा, भाऊजी. चहा पिऊन निघा."

ते चहा न पिताच गेले.

आणि एक दिवस जेवणवेळ टळल्यावर काजळीला पोटशूळ उठला. घोड्याचं पोट फिरलं की जिवावर बेततं. ती पोटाकडे वळून वळून बघत होती, घामानं निथळत होती. जनावरांचा डॉक्टर आला. तपासून म्हणाला, "इथे होणार नाही. दवाखान्यात न्यायला हवी, आत्ताच." ट्रक फाटकाबाहेर लावला.

काजळी फाटकापर्यंत आली. आणि थांबली.

डॉक्टरनं ओढलं. ड्रायव्हरनं मागून रेटलं. ताईनं चुचकारलं. घोडी जागची हलेना.

मग ताईला ते दिसलं.

काजळीच्या तोंडाला बांधलेली दोरी आता ताईच्या हातात होती, एका बाजूला. दुसऱ्या बाजूचं टोक मोकळं होतं. ते खाली लोंबायला हवं होतं.

ते लोंबत नव्हतं... ताणलेलं होतं. खळग्यांच्या दिशेनं.

डॉक्टरनंही पाहिलं. तो मागे सरकत ट्रकला जाऊन टेकला.

ताई तरुणपणी घोड्यावरून पडली होती. तेव्हापासून डाव्या पायावर भार द्यायची नाही, जरा लंगडायची. तशी लंगडत ती त्या खळग्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"हे बघा," ती म्हणाली, "तुम्ही कोण, मला माहीत नाही. माझ्या मास्तरला आयुष्यात पहिल्यांदा आडवं होता आलं, त्याचे उपकार मानते. पण राखणदारानं राखावं. मालक होऊ नये."

दोरी तशीच ताणलेली.

"घोडी मरतेय. सोडा."

काहीच नाही. वाराही नाही.

मग ताईला राग आला. आमच्या ताईचा राग ज्यानं पाहिला त्याला भुताचं काही वाटत नाही. तिनं पदर खोचला आणि सरळ त्या खळग्यांमध्ये पाय ठेवून उभी राहिली. खळगे मोठे होते, तिचे पाय त्यांत हरवले. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत थंडी चढली, भर उन्हात.

"ही घ्या, मी उभी आहे राखणीला. आता व्हा बाजूला."

कानाशी कोणीतरी श्वास सोडला. लांब, दमलेला... फार काळ उभं राहिलेल्या माणसाचा.

दोरीचं टोक खाली पडलं.

काजळी तिच्या शेजारून चालत गेली आणि ट्रकमध्ये चढली.

त्या दिवशी यजमान खिडकीत बसून होते. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "अगं, तुझ्या उजव्या हाताला कोण उभं होतं?"

"डॉक्टर असतील."

"डॉक्टर ट्रकपाशी होते. हा उंच होता. तू बोलत होतीस तेव्हा मान खाली घालून उभा होता."

ताईनं भाजी चिरायला घेतली. दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी ती थोडा वेळ फाटकाजवळ जाऊन उभी राहायची, त्या खळग्यांच्या शेजारी. घोडे पुन्हा तिच्या हाकेला यायला लागले.

जागेची मालकीण म्हातारी होती. भाडं न्यायला आली तेव्हा ताईला निरखून बघत म्हणाली, "आधीचे सगळे पळाले. तुम्ही का नाही?"

"मला जायला दुसरी जागा नाही," ताई म्हणाली. "त्यालाही नसावी."

तो कोण, हे मालकिणीनं सांगितलं नाही. ताईनं विचारलं नाही.

काजळी वाचली. डॉक्टर पुढे निवृत्त झाला, पण ट्रकमध्ये चढताच घोडीचा घाम कसा थांबला हे तो शेवटपर्यंत सांगायचा. दलालानं जागांचा धंदा सोडून मिठाचं दुकान टाकलं. दीर पुन्हा त्या घरी आले ते थेट यजमान वारल्यावर, आणि फाटकापाशी न थांबता आत शिरले. यजमान त्या खिडकीत बसून सहा वर्षं जगले, इस्पितळातल्या डॉक्टरांनी दिली होती त्याच्या तिप्पट. मास्तर गेला तो झोपेत. आडवा.

ताई मागच्या हिवाळ्यात गेली. घोडे होते तिच्याकडे शेवटपर्यंत, काजळीची नातवंडं. शेवटची चार वर्षं ती पलंगावरून उठली नाही. शेजारची बाई सकाळ-संध्याकाळ येऊन घोड्यांचं बघायची. दुपारी यायची नाही. का, ते तिनं सांगितलं नाही.

घोडे विकायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. मी दुपारी गेले. गिऱ्हाइकाचा ट्रक बाहेर उभा होता.

सगळे घोडे आडवे होते. गाढ.

मी हाक मारली. कोणी उठलं नाही. कान तेवढे वळले.

मी फाटकाकडे पाहिलं. चार वर्षं तिथे कोणी उभं राहिलं नव्हतं, गवत माजायला हवं होतं.

मोठे दोन खळगे होते तिथेच. आणि त्यांच्या शेजारी आणखी दोन. लहान. माती ताजी दबलेली.

त्यातला डावा जरा उथळ होता.

मी ट्रक परत पाठवला. घरच्यांनी बोल लावले, अजून लावतात. लावू देत. जागा मी सोडलेली नाही आणि घोडेही विकणार नाही. शेजारच्या बाईचा पगार मीच देते. लोक विचारतात, एवढे घोडे, उघडं कुरण, राखणीला कोण असतं?

मी सांगते, सोय आहे.

फक्त एक. त्या दिवशी निघताना फाटकाची कडी लावत होते, तेव्हा मानेजवळ कोणीतरी श्वास सोडला. माझी सख्खी बहीण ती, मला तिची कसली भीती?

तरी मी मागे वळून पाहिलं नाही.

आणि ते दोघंही नेमके कोणाची राखण करताहेत, घोड्यांची की एकमेकांची... हे मला अजून कळलेलं नाही.