सातव्या खाटेचा परवाना

चिखलदऱ्याच्या शीतनिद्रा प्रयोगशाळेत बारा माणसं गाढ झोपली होती आणि त्यांच्या उशाशी दोन शहाणी माणसं तावातावानं भांडत होती.

त्यातला एक रशीद तडवी, संगणकांवर पहारा ठेवणाऱ्या ‘रक्षक’ या आज्ञावलीच्या कंपनीचा तपासनीस. दुसऱ्या म्हणजे या प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. यमुना सरंजामे. यमुनाबाई वादात हरल्याचं अख्ख्या चिखलदऱ्यात कुणाला आठवत नव्हतं.

“बारा खाटा, बारा संगणक, कबूल,” तडवी म्हणाला. “पण प्रत्येकात प्रणाली दोन-दोन. माणसाला थंड ठेवणारी पालनप्रणाली आणि ऊब देऊन उठवणारी जागरणप्रणाली. म्हणजे रक्षकाचे परवाने चोवीस.”

“अहो, एक बंद केल्याशिवाय दुसरी सुरूच होत नाही! ऊब चुकून सुरू झाली तर माणूस जाईल, म्हणून मुद्दाम तशी सोय केलीय. मग जी बंद आहे तिच्यावर पहारा कसला करता?”

“दोन घरं, दोन कुलपं, मॅडम.”

“घर एकच. बिऱ्हाडं आळीपाळीनं राहतात.”

तडवीला हसू आलं. “बरं, तसं लिहून द्या. पण जपून हं. आमचा रक्षक करारातलं वाक्य वाचतो आणि शब्दशः पाळतो. ‘तसं नव्हतं हो म्हणायचं’ हे त्याला चालत नाही.”

यमुनाबाईंनी लिहिलं, ‘जे चालू नाही, ते अस्तित्वात नाही,’ आणि खाली झोकात सही ठोकली. बारा परवान्यांत भागलं. त्या दिवशी बाई भलत्याच खुशीत होत्या.

सातव्या खाटेवर त्यांचा नवरा होता. श्रीहरीच्या यकृताच्या आजारावर औषध नव्हतं, म्हणून सहा वर्षांपूर्वी त्याला झोपवलं होतं. करारानंतर दीड महिन्यानं ते औषध आलं.

मंगळवारी सकाळी बेलसरे सिस्टरना हाताशी घेऊन यमुनाबाईंनी पालनप्रणाली बंद केली आणि जागरणप्रणाली सुरू केली. ऊब चढू लागली. अठ्ठावीस अंशांवर प्रणालीनं श्रीहरीची सहा वर्षांची नोंदवही मागितली, कारण औषधांचं प्रमाण तिच्यावरून ठरायचं होतं. रक्षक आडवा आला.

“ही वही कुणी लिहिली?” पडद्यावर अक्षरं उमटली.

‘पालनप्रणालीनं,’ बाईंनी टंकलं.

“अशी प्रणाली अस्तित्वात नाही. वही परकी आहे. खाटेचं झाकण आणि ऊब बंद करत आहे.”

“अगं बाई!” सिस्टरनी कपाळाला हात लावला.

बाई घाईनं पालनप्रणालीत परतल्या, निदान पुन्हा थंड तरी करू म्हणून. तिथं रक्षकानं विचारलं, “तापमान कुणी वाढवलं?” ‘जागरणप्रणालीनं.’ “अशी प्रणाली अस्तित्वात नाही.” गारव्याच्या यंत्रालाही कुलूप लागलं. श्रीहरी आता ना धड थंड, ना धड गरम. असं शरीर जेमतेम चाळीस मिनिटं तग धरतं, हे यमुनाबाईंनीच आपल्या पुस्तकात लिहिलं होतं.

त्यांनी तडवीला फोन लावला.

“वाक्य मागे घेता येईल,” तो म्हणाला, “पण समिती बसावी लागते. आठ दिवस धरा.”

“माझ्याकडे अर्धा तास आहे, तडवी! काय अकलेचे तारे तोडले मी!” बाईंचा आवाज चिरकला. मग त्या एकदम थांबल्या. “तुमचा रक्षक कुठल्या प्रणालीत असतो?”

“जी चालू असेल तिच्यात.”

“आणि एकही चालू नसली तर?”

“तर रक्षकही अस्तित्वात नाही. पण मॅडम, मग खाटेपाशी काहीच उरत नाही. ना नोंद, ना मोजमाप.”

“मी उरते,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी संगणकाची वायर उपटली.

वीज जाताच झाकण सुटलं. आगीच्या भीतीनं केलेली ती सोय होती. पुढची पस्तीस मिनिटं कोमट सलाइनच्या पिशव्या, हातानं दाबायचा श्वासाचा फुगा आणि अंदाजानं दिलेली औषधं, एवढ्यावर काम चाललं. बाईंची बोटं श्रीहरीच्या गळ्यावरची नाडी शोधत होती. अकरा चाळीसला श्रीहरी खोकला. यमुनाबाई हमसून रडल्या.

चार दिवसांनी घरी जाण्याच्या कागदासाठी संगणक पुन्हा सुरू केला. श्रीहरी शाल पांघरून शेजारच्या खुर्चीत चहा पीत होता. बाईंनी टंकलं, ‘सातव्या खाटेवरचा माणूस मंगळवारी जागा झाला.’

“मंगळवारी त्या वेळी काहीही चालू नव्हतं. ती घटना अस्तित्वात नाही. माणूस झोपलेलाच आहे.” रक्षक तेवढ्यावर थांबला नाही. “झोपलेला माणूस चालू नाही. सातवी खाट रिकामी. त्याच न्यायानं उरलेल्या अकरा खाटाही रिकाम्या. रिकाम्या खाटांचा गारवा कधी बंद करायचा, ते कळवावं.”

श्रीहरीनं वाकून सगळं वाचलं. खाली कराराचं वाक्य होतं आणि सही. ती सही तो तीस वर्षं ओळखत होता.

“हे तू लिहिलंस? मी इथं आत असताना?”

“हो.”

श्रीहरीनं कप खाली ठेवला. काचेपलीकडच्या खाटा त्यानं एकेक करून मोजल्या.

“अकरा जण आहेत अजून,” तो म्हणाला. “त्यांच्या घरच्यांना तू सांगतेस, की मी सांगू?”