आहेराच्या खणांची गोधडी

"अक्का, त्या खणांले हात नोका लावू! ठिऊन द्या तसेच... पुढच्या लग्नात आहेरात चालतीन!"

ओसरीवरून गोजराबाईचा आवाज आला आणि मांडवाखाली बसलेल्या चतुराबाईच्या हातातली कात्री थांबली. क्षणभरच! मग तिने समोरचा हिरवा खण सरळ उभा कापला.

"पुढच्या लग्नाले दुसरे आणजो, गोजरा. हे माह्या पोरीच्या लग्नातले हायेत."

लग्नाला चार दिवस झाले होते. मांडवावरचे आंब्याचे टहाळे सुकून करकरत होते आणि खाली उरल्यासुरल्याचा ढीग पडला होता... खण, टोप्या, टॉवेल, हळदीने माखलेली फडकी. आसेगावातल्या आहेराची तऱ्हाच अशी, की एका मांडवातला खण दुसऱ्या मांडवात जातो, तिथून तिसऱ्या, आणि कुणाच्याही अंगाला न लागता बिचारा घडीवरच फाटतो! अशी कापडं फिरवण्यात चतुराबाईचाही जन्म गेला होता. पण हे लग्न तिच्या एकुलत्या एका रुपाचं होतं, आणि त्या लग्नात तिच्या वाट्याला काय आलं होतं? धान्याची खोली! विधवेची सावली नवरीवर पडू नये म्हणून बाहेरून कडी लावलेली! मंगलाष्टकं तिने कवाडाला कान लावून ऐकली. कन्यादान केलं धाकट्या दिराने, नानाजीने, आणि त्याच्या बायकोने, या गोजराबाईने. वरात इंझोरीला, रुपाच्या सासरी गेली, मग कडी निघाली आणि चतुराबाईच्या हातात खराटा आला. शुभ संपलं होतं ना... आता तिचा हात चालत होता!

तो खराटा तिने भिरकावला आणि सुई घेतली.

"पोरीच्या नव्या संसारात तुमच्या हातची गोधडी?" गोजराबाई खाली उतरून आली. "लोक काय म्हनतीन, अक्का?"

"माह्या अंगावरचं दूध पेली थे, तवा कोनी काही म्हनलं नाही! आता काहून म्हनतीन?"

पुढचे चार दिवस चतुराबाई आत न जाता मांडवाखालीच, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत शिवत राहिली. गल्लीतल्या बाया थबकत, कुजबुजत, आणि ती मान वर करून त्यांनाच विचारी, "दोरा हाय का वं घरी?"

गोधडीची वरची बाजू झाली, पण अस्तराला तिला अंतरपाटच हवा होता. ज्या कापडाआडून तिच्या लेकीने नवऱ्याला पहिल्यांदा पाहिलं, ते कापड तिने पाहिलंसुद्धा नव्हतं! गोजराबाईला विचारलं तर आधी म्हणाली धुवायला दिलाय, मग म्हणाली सापडत नाही, आणि शेवटी तिने तोंडच फिरवलं.

आठव्या दिवशी मांडव परतणीला रुपा माहेरी यायची होती. दुपार कलायला लागली तशी चतुराबाई तडक उठली, जावेच्या खोलीत गेली आणि तिची पेटी उघडली. अगदी वरच अंतरपाट होता. कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं पांढरं धोतर... आणि त्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा रफू!

हा रफू तिचाच होता. पांढरा दोरा घरात नव्हता म्हणून तिने लाल घातला होता आणि उकंडराव हसले होते. तिच्या नवऱ्याचं लग्नातलं धोतर... सतरा वर्षं तिने पेटीच्या तळाशी जपलेलं!

"गोजरा! माह्या पेटीत हात घातला तू? इतकं एकच तं उरलं होतं मले! थेही नेलं?"

दारात उभी असलेली गोजराबाई चौकटीला धरून खाली बसली.

"घातला, अक्का. लपवणार तरी किती..." तिला रडू आवरेना. "कडी मीच लावली होती. लोकायले भेली मी. पन रुपा पाटावर बसली अन् मांडवभर पाहू लागली... बाप नाही, माय नाही! मले पाह्यवलं नाही. बामनाच्या हातातून नवं कापड घेतलं अन् भाऊजीचं धोतर देल्लं. म्हनलं, बाप तरी उभा राहो पोरीसमोर! मेलेल्याचं कापड म्हून बोंब होईन, म्हनून कोनाले सांगितलं नाही... तुमालेही नाही..."

चतुराबाईने धोतर छातीशी धरलं. म्हणजे ते होते... लेकीच्या लग्नात होते! तिचा राग कुठच्या कुठे गेला, पण ताठा गेला नाही.

"ऊठ. डोये पूस. बाप मांडवात चालते, तं मायही चालते. आज ओटी मी भरीन!"

बैलगाडी दारात आली. गल्ली जमली. गोजराबाई हळद-कुंकवाचं ताट घेऊन पुढे झाली, पायरीवर थांबली... आणि सगळ्यांसमोर तिने ते ताट चतुराबाईच्या हातात दिलं.

"हे काय वं, गोजरा? रांडव बाईच्या हातून?" गल्लीतली एक म्हातारी ओरडली.

"कडी म्या लावली होती, मावशी," गोजराबाई म्हणाली. "म्याच काढली."

चतुराबाईने कुणाकडेही पाहिलं नाही. तिने मांडवाच्या मधोमध गोधडी अंथरली, वर ते धोतर पसरलं, लाल रफू हाताने सारखा केला. रुपा आईच्या हातातलं ताट पाहून हुंदके देत होती.

"रडू नोको," चतुराबाई म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिचा स्वतःचा आवाज फुटला. "बस पोरी... बापाच्या मांडीवर बस. ओटी भराची हाय तुही."