मुलांगाची साल

आमच्या प्रयोगशाळेत जंतूंच्या बशीत मुलांगाच्या झाडाच्या सालीचा अर्क टाकला, की त्याभोवती स्वच्छ कडं उमटतं. त्या कड्यात जंतू वाढत नाहीत. थोहोयांडू शहरात मी रोज हेच बघते, त्यामुळे सालीत औषध आहे हे मला कुणी शिकवायला नको. बाकीच्या भाकडकथा मात्र मला सोसत नाहीत, आणि मासिंदीआत्याकडे त्या पोत्यानं असतात.

माझ्या धाकट्या भावाच्या, मुलालोच्या पोटरीवर कुऱ्हाड बसली. जखम चिघळली. इस्पितळातल्या औषधांनी हात टेकले आणि सोमवारी पाय कापायचं ठरलं; तोवर त्याला घरी आणलं. तशी आत्या उठली, रानात गेली, मुलांगाची पूर्वेकडची वीतभर साल काढून आणली. झाडाच्या उघड्या जागेवर शेणमाती लिंपून आली.

"झाडाची जखम भरली की ह्याची भरेल," ती म्हणाली.

"आणि झाडच मेलं तर?" मी चिडवलं.

"तुझ्या जिभेला काही हाड?"

सालीच्या लेपानं दुर्गंधी गेली. शनिवारी मुलालोनं मक्याचा वुस्वा मागून खाल्ला आणि आत्याच्या चालण्याची नक्कल करून आम्हाला हसवलं. मला वाटलं, जिंकलो.

रविवारी सकाळी तो हाक मारत होता. "ताई, पाय कुठे गेला गं माझा?"

पाय जागेवर होता. पोटरीभोवती मात्र एक पांढरं कडं उमटलं होतं, अगदी गोल. त्याच्याखाली मी टाचणी टोचली.

"टोच ना," तो म्हणाला.

मी घाबरले. आत्यानं कडं बघितलं, कोयता उचलला आणि रानाची वाट धरली. मी तिच्यामागे धावले.

बाजारात साल विकणाऱ्या कुणीतरी झाड गाठलं होतं. खोड चारी बाजूंनी सोललेलं, आतलं लाकूड पांढरंफटक.

आत्या मटकन खाली बसली. "मेल्यांनी गळाच चिरला गं."

साल अशी गोल काढली की रस मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि झाड मरतं. एवढं शास्त्र मला ठाऊक होतं. त्यालाच धरून मी फांदीच्या सालीची एक पट्टी सोलली आणि खालच्या सालीपासून वरच्या सालीपर्यंत बसवली.

"सुलटी लाव, पोरी," आत्या कुजबुजली.

डोक्याचा फडका सोडून मी पट्टी आवळली. वर ओली माती थापली.

घरी आलो. मुलालोच्या पोटरीवरचं कडं एका जागी तुटलं होतं. बोटभर रुंद, तपकिरी पट्टा.

मी हात लावला. पट्टा उबदार होता.

सोमवारी डॉक्टरांनी तो दाबून बघितला, पुन्हा दाबला, आणि म्हणाले, "थांबू या."

पाय वाचला. रानातलं कलमही धरलं.

त्यानंतर एके सकाळी मुलालोचं अंथरूण रिकामं दिसलं. तो परसात उन्हाकडे तोंड करून उभा होता. पावलं घोट्यापर्यंत मातीत पुरलेली.

"चल, वुस्वा गार होतोय."

"भूक लागत नाही गं ताई हल्ली. पाणी दे तेवढं."

मी पेला भरून दिला. त्यानं तो शांतपणे पावलांवर ओतला आणि डोळे मिटले.