धक्क्याची पेटी

थापा मारण्यात अंबड तालुक्यात माझा हात कोणी धरणार नाही. सत्त्याऐंशी सालची ही गोष्ट मी अंतरवाली सराटीच्या चहाच्या टपरीवर सात-आठ तऱ्हांनी सांगितली आहे. एका तऱ्हेत तर टाकी गडगडत थेट गोदावरीत जाते. खरी तऱ्हा मात्र ही.

मी जालन्याच्या एका वर्कशॉपात होतो. तिथे साखर कारखान्यांच्या अवजड टाक्या बनत, आणि टाकी निघण्याआधी तिचा रस्ता मोजणं हे माझं काम. वाळूचा ट्रक त्या रस्त्याने न्यायचा, ट्रकात धक्क्याची पेटी ठेवायची. पेटीला घड्याळासारखी किल्ली. आत कागदाची पट्टी तासाला चार बोटं सरकते, तिच्यावर पेन्सिलीचं टोक रेघ ओढत राहतं. धक्का बसला की रेघेला दात येतो. दात मोठा आला, तर बावीस टनांची टाकी त्या जागी चाळीस टनांची धरायची आणि खालच्या मोरीला टेकू द्यायचे.

अंकुशनगरच्या साखर कारखान्याला जायच्या टाकीचा रस्ता मोजायचा होता. वैशाखाचं ऊन. मी टपरीपाशीच ट्रक थांबवला, ड्रायव्हरला लिंबाखाली झोपवलं, पेटी बाकड्यावर ठेवली आणि बोटांनी ठोकू लागलो. "हा अंबडचा उतार... हा वडीगोद्रीचा खड्डा." लोक हसून हसून लोळत होते. शेवटच्या दगडी मोरीला तर मी नुसती टिचकी मारली. पुढे दोन-तीन चहा आणि दुपारभर गप्पा होईपर्यंत पट्टी कोरीच सरकू दिली, कातरली, साहेबांपुढे ठेवली.

टाकी निघाली त्या दिवशी ट्रेलरपुढे तातेराव चालत होता. माझ्या बायकोचा, नंदाचा, धाकटा भाऊ. ट्रेलर मोरीवर यायच्या आधी तो खाली उतरायचा, दगडाला कान लावायचा आणि खालून ठोकायचा. दोन जवळजवळ, एक थांबून. म्हणजे येऊ द्या. ट्रेलर पार होईस्तोवर तो खालीच बसायचा. ही रीत त्यानेच काढलेली.

शेवटच्या मोरीपाशी तो उतरता उतरता थांबला.

"दाजी, हितलं बराबर मोजलं ना? दगड लई जुना दिसून राह्यला."

"बिलकुल. टिचकीएवढा दात आल्ता."

"मंग काय, तुम्ही मोजलं म्हंजी झालं." हसला आणि खाली गेला.

टक टक... टक.

मागचं चाक वर आलं आणि मोरी बसली. टाकी कलली. ती पडली असती तर आणखी माणसं गेली असती, म्हणून आधी टाकीला जॅक, मग लाकडी ओंडके, मग साखळ्या. ट्रेलरचं इंजिन चालूच होतं. ते बंद करा, खालचं ऐकू द्या, असं कोणी म्हणालं नाही. मीही नाही. त्याच्यापर्यंत पोचलो तेव्हा दिवस कलला होता.

घरी नंदाने एकच विचारलं, "लई वेळ न्हाई ना लागला त्याला?"

"जागीच गेला. त्याला कळलं बी न्हाई."

अकरा वर्षं ती या एका वाक्यावर जगली. राखीपुनवेला एक राखी देवापुढे ठेवायची आणि म्हणायची, "जागीच गेला, तेवढं तरी बरं झालं." मी मान हलवायचो.

मग एका दसऱ्याच्या साफसफाईत ती ट्रंक उपसून बसली. भर दुपारची वेळ, दारातून उजेड आत आलेला.

"ही कशाची पट्टी हो?"

मोरी बसल्यावर साहेबांच्या फायलीतून मी गुपचूप काढून आणलेली ती पट्टी तिच्या हातात बघितली आणि जन्मात पहिल्यांदा मला थाप सुचली नाही. सगळं सांगितलं. टपरी, बाकडं, तासाला चार बोटं सरकणारा कागद, टिचकी.

तिने वर बघितलं नाही. पट्टी फरशीवर पसरली. तिचं बोट रेघेवरून सरकत गेलं, टिचकीच्या दातावर थांबलं, आणि मग पुढे कोऱ्या कागदावर गेलं.

"हितं पेन्सिल न्हाई... पर हाताला लागून राह्यलंय काहीतरी."

मी हात लावला. कागदाच्या खालून कोणी ठोकावं तसे उंचवटे. दोन जवळजवळ, एक लांब. पुन्हा दोन जवळजवळ, एक लांब. घरात डिझेलचा आणि दगडाच्या चुऱ्याचा वास पसरत होता.

नंदाने दातापासून चार बोटं टेकवली. "तासाला चार म्हणले ना तुम्ही?"

"नंदा... ठेव ते."

तिने आणखी चार टेकवली. उंचवटे होतेच, फक्त बारीक होत चालले होते... तांदळाएवढे, मग खसखशीएवढे. आणखी दोन बोटं, आणि पट्टी संपली.

"अडीच तास," ती म्हणाली. "तुम्ही जागीच म्हणले होते."

ती रडली नाही. निजलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा तिने हात ठेवला. पट्टीवर नाही. पट्टीच्या टोकापुढे, नुसत्या फरशीवर.

"अजून ठोकून राह्यलाय," ती हळूच म्हणाली. "दाजी ऐकतील म्हणून."

मी वाकून फरशीला कान लावला. आश्विनातली, सावलीतली फरशी. पण वैशाखातल्या डांबरासारखी तापली होती.