गाठ केव्हापासून?

अक्षताचं नेहमीचं झेरॉक्सचं दुकान नेमकं त्या दिवशी बंद होतं, म्हणून ती कांजूरमार्ग स्टेशनजवळच्या फोटो स्टुडिओत शिरली. शिरली आणि पस्तावली... कारण काउंटरवर सर्वेश एकटाच होता, आणि त्याच्यासमोर बाईसाहेबांची बोबडी वळायची.

“काय गं, पुन्हा स्थळ?” त्याने मान तिरकी करून विचारलं. “दोन वर्षांत हा तिसरा फोटो.”

“फोटो नको. झेरॉक्स. डॉक्टरकडे जायचंय.”

“डॉक्टर? झकास! काकूंनी भारी स्थळ शोधलंय.”

“थायरॉईडचा डॉक्टर आहे रे, येड्या.”

सर्वेशचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्याची नजर तिच्या गळ्याभोवतीच्या ओढणीवर टेकली आणि लगेच मशीनकडे पळाली. अक्षताला वाटलं, याला किळस आली. डोळ्यांत पाणी यायला तेवढंही पुरे होतं.

उद्या दहा वाजता घाटकोपरला मोठ्या डॉक्टरांची वेळ होती, पहिलीच. गल्लीतल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, जुने रिपोर्ट न्या, चालू गोळ्या न्या, घरात कुणाला होतं का ते विचारा, आणि गाठ केव्हापासून आहे, किती भराभर वाढली, ते नक्की सांगा. घरात होतं ना! वनमाला आत्या गळ्याच्या गाठीनेच गेली, चाळिशीसुद्धा न गाठता. तिचं नाव निघालं की आई उठून दुसऱ्या खोलीत जायची. आणि ‘केव्हापासून’ म्हटलं की आईचं एकच, “चारच म्हयने झाले गो! फोटोत बघ, काय्येक दिसणा नाय.” खरंच, गेल्या वर्षीच्या फोटोतही गळा साफ होता. म्हणजे चार महिन्यांत लिंबाएवढी! अक्षताचा आवाज बसला होता, बालवाडीतली पोरं तिला जुमानत नव्हती, आणि घास घशात अडकायचा... गाठीने की भीतीने, देव जाणे.

हे सगळं तिने का कोण जाणे सर्वेशला सांगून टाकलं. मशीन कागद ओकत राहिलं, तो उचलेना.

“चार महिने नाही,” तो म्हणाला.

“काय?”

“दोन वर्षं झाली, अक्षता. बायोडाटाच्या फोटोत होती ती. हरभऱ्याएवढी. काकू म्हणाल्या, फोटो जरा चांगला कर... मी मुरमं पुसतो तशी पुसली. गेल्या वर्षी ओळखपत्राच्या फोटोत मोठी होती. तीही पुसली.”

ती स्टुलावर बसली.

“आणि तोंड शिवलं होतं तुझं?”

“वाटलं, तुला माहीत असेल. मुलीला कसं विचारायचं, की तुझ्या गळ्याला...”

त्याने कॉम्प्युटर फिरवला. दोन फोटो, न पुसलेले. पहिल्यात तिच्या गळ्यावर बारीकसा उंचवटा, दुसऱ्यात चांगला ठसठशीत.

“हे अजून ठेवलेस? सगळ्यांचे ठेवतोस?”

“महिन्याभरात उडवतो सगळ्यांचे.” तो खाली बघत म्हणाला, “तुझे नाही उडवले. आवडतेस तू मला... तेव्हापासून.”

दोन वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली, ते आलं तेही असं! अक्षताने काउंटरवरची आपली रिपोर्टची फाईल उचलून त्याच्या खांद्यावर हाणली.

“आवडते म्हणून गप्प बसलास? आवडतं त्या माणसाला आधी सांगायचं असतं रे, मेल्या!” आणि ती हमसून रडायला लागली. त्याने तिला रडू दिलं, स्वतःचे डोळे शर्टाच्या बाहीने पुसले.

गाठ सावकाश वाढलीय, म्हणजे चांगलं असेल? की दोन वर्षं फुकट गेली? ते तिलाही कळत नव्हतं आणि त्यालाही. ते उद्याच कळणार, किंवा उद्याही नाही.

मग तिने ओढणी काढली, हनुवटी वर केली. “आजचाही काढ. डॉक्टरला तिन्ही दाखवू.”

सर्वेशने कॅमेरा उचलला, पण बटण दाबेना.

“काढ ना रे.”

क्लिक झालं.

“उद्या साडेनऊला घाटकोपरला ये,” ती म्हणाली. “केव्हापासून विचारलं की तू सांगायचं. आईसमोर.”

“काकू चपलेने हाणतील.”

“हाणू देत. मी मध्ये पडणार नाही.”

“येतो.”

ती उठली, फाईल छातीशी धरून दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

“सर्वेश... सांगून झालं की निघून नको जाऊस. तपासण्यांचा निकाल येईपर्यंत मला फार भीती वाटणार आहे.”

तो काउंटर ओलांडून बाहेर आला. “मलाही,” म्हणाला, आणि घरापर्यंत तिच्यासोबत चालत गेला.