वार्षिकीत सुटलेली ओळ

आमच्या मुद्रितशोधक काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं नसतं, तर तो आमच्या प्रकाशनात आलाच नसता. तीन आठवड्यांसाठी, बदली म्हणून. परीक्षांना बसणाऱ्या मुलांसाठी आम्ही दरवर्षी वर्षभराच्या घडामोडींची वार्षिकी काढतो. ही २००६ची होती. मी मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट, आणि समोर बसून त्यानं प्रुफात तेच आहे ना ते पाहायचं.

"अठ्ठावीस जून, स्वल्पविराम, मॉन्टेनेग्रो संयुक्त राष्ट्रांचा एकशे ब्याण्णवावा सदस्य झाला, पूर्णविराम."

आई गेल्यापासून घरी बोलायला कुणी नव्हतं. संध्याकाळी कुलूप उघडलं की सकाळचा कप जिथल्या तिथे... माझा आवाज मला ऐकू यायचा तो या टेबलाशीच. आणि आता कुणीतरी तो मान खाली घालून, एक अक्षर न सोडता ऐकत होतं! वेडीच मी. जगाच्या बातम्या वाचता वाचता त्याच्या बोटांवरचे लाल शाईचे डाग बघत राहायची.

"चोवीस ऑगस्ट, स्वल्पविराम, प्लूटोला ग्रहांच्या यादीतून वगळण्यात आले, पूर्णविराम. बिचारा."

"बिचारा प्रुफात नाही," तो मान वर न करता म्हणाला.

"ते माझं होतं."

"मग राहू दे? मुलं परीक्षेत लिहून येतील."

हसलो... दोघंही. पुढे क्रीडाविभाग आला. फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात एका कप्तानानं प्रतिस्पर्ध्याला डोक्यानं धडक दिली आणि त्याला मैदानाबाहेर जावं लागलं, हे मी वाचलं तेव्हा समोरून तो पुटपुटला, "मनातलं असं भर मैदानात काढता यायला हवं."

मला मेलीला बंद खोलीतही जमत नव्हतं.

तीन आठवडे बघता बघता उडाले. शेवटचं पान आलं. उद्यापासून काका रुजू, आणि तो दुसऱ्या गावी, नव्या नोकरीवर. आज बोलले नाही तर पुन्हा तेच कुलूप, तोच कप. पान संपलं. मी मात्र थांबले नाही.

"तळटीप, अपूर्णविराम नको, नुसती रेघ — वाचणारीला तुम्ही आवडता, पूर्णविराम."

त्याचा पेन थांबला. "ही ओळ प्रुफात नाही."

"सुटली असेल..."

खाली छपाईचं मशीन सुरू झालं, खिडकीच्या काचा थरथरल्या. मग त्यानं पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, संपलं सगळं.

"सकाळची गाडी आहे माझी," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"नोकरी सोडता येणार नाही मला."

"मी कुठं म्हटलं?"

"पण रविवारी सुट्टी असते." तो पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघत होता. "तुम्ही रविवारी जेवता कुठे?"

"घरी. एकटीच."

"या रविवारी माझंही ताट मांडाल...?"

मी हो म्हटलं की नुसती मान हलवली, आठवत नाही. तो गेल्यावर मात्र तिथंच बसून पोटभर रडले. दोघांपुरतं शिजवायचा अंदाजच सुटला होता माझा. आता तो पुन्हा बसवायला हवा होता — रविवारच्या आत.