बिननावाचं कार्ड

सकाळी ऑफिसात पाऊल टाकलं, तर कॉम्प्युटरच्या टेबलाखालनं दोन पाय बाहेर आलेले. एका मोज्याला भोक.

"कोण हाय तिथं?" मी कोपऱ्यातला झाडू उचलला.

"मारू नका बाई... चोर न्हाय, इंजिनिअर हाय," पायांनी उत्तर दिलं.

मग डोकं बाहेर आलं. केसांत जळमट, गालावर धूळ, आणि डोळे असले हसरे की हातातला झाडू कुठं ठेवावा तेच मला कळेना. नाव महारुद्र. गाव अणदूर, नोकरी सोलापूरच्या कंपनीत.

सत्त्याऐंशीचा उन्हाळा होता तो, दुष्काळाचा. भूमजवळच्या आमच्या छोट्या दूध संघात मी कॉम्प्युटरवर बसायची. संघानं दुधाचं फॅट, म्हणजे स्निग्धांश, मोजायचं नवं मशीन आणलं होतं. नमुना लावला की फॅट थेट पडद्यावर दिसणार, असा चेअरमन नानासाहेबांचा बेत. पण मशीन आणि कॉम्प्युटर जोडणारं कार्ड कुठल्या कंपनीचं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. चिपवरचे नंबर बनवणाऱ्यानंच खरवडून टाकलेले. आणि कार्डाशी बोलायला कॉम्प्युटरला एक प्रोग्रॅम लागतो, ड्रायव्हर म्हणतात त्याला... त्याची फ्लॉपी गायब.

"नाव सांगंना, गाव सांगंना," महारुद्र कार्ड तळहातावर घेऊन म्हणाला.

"मग ओळखणार कसं?"

"बघत बसायचं. चिपला पाय किती, कुठली तार कुठं जाते... माणूस कसं ओळखतो आपण?"

"माणसं कुठं नुसती बघून ओळखू येतात?"

"काही येतात," तो म्हणाला — आणि कार्डाकडं न बघता त्यानं माझ्याकडं बघितलं. मी उगाच पदर सारखा केला.

पुढचा आठवडाभर बॅटरी धरायचं काम माझ्याकडं. तो जवळच्या फ्लॉप्या एकेक घालून बघायचा, पडदा काही हूं की चूं करायचा नाही.

"बॅटरी हलतीय."

"हात माझा हाय, तुमच्या कंपनीचा न्हाय."

"म्हणून तर रागावता येईना."

मला हसू यायचं. लई आवडायला लागला होता तो. आणि हसता हसता मी मनात म्हणायची, देवा, हे कार्ड कधीच ओळखू येऊ नये.

कारण आमच्या म्हशीला वैरण नव्हती. धार आटलेली. आई रोज दुधाच्या कॅनमध्ये अर्ध्याला अर्धं पाणी ओतायची, आणि ओतताना माझ्याकडं बघायची नाही. प्यायचं पाणी टँकरचं, त्यातलंच दुधात. हातानं फॅट मोजणारे आण्णासाहेब दयेनं कानाडोळा करायचे. पाण्यानं फॅट उतरतं, ते मशीन कशाला लपवतंय? आणि ते मशीन चालू करणार हा. त्याच्यासमोर आमची अब्रू जाणार.

शेवटी एका दुपारी त्यानं टाळी वाजवली. कार्ड एका बंद पडलेल्या कारखान्याचं निघालं. सोलापूरच्या मित्राकडं त्याची फ्लॉपी होती. ती एस्टीनं निघाली. त्याच एस्टीनं मी संध्याकाळी घरी जायची. कंडक्टरनं पार्सल माझ्याच हातात दिलं, "संघाचं हाय, घेऊन जा."

मी ते पिशवीत ठेवलं... आणि दुसऱ्या दिवशी बाहेर काढलंच नाही.

तो रणरणत्या उन्हात प्रत्येक गाडीला स्टँडवर जाऊन आला. चेहरा लालबुंद. "माझंच चुकलं, पत्ता नीट सांगितला नसंल," म्हणाला. नानासाहेबांनी त्याला चारचौघांत झापलं, "जमत नसंल तर सांगा, दुसरा माणूस बोलावतो." तो खालमानेनं उभा. मी कोपऱ्यात, पिशवी मांडीवर. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

नानासाहेब टँकरच्या कामाला तहसीलात गेल्यावर मी पार्सल टेबलावर ठेवलं. "माझ्याकडं होतं. कालपासनं."

त्यानं का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

फ्लॉपी घातली. पडद्यावर आकडे उमटले, तशी त्याची कळी खुलली. "नमुना आणा कुणाचा तरी."

बाहेर कॅनची रांग होती. कुणाचाही आणता आला असता. मी आमचा आणला.

"कुणाचं दूध?"

"आमच्या घरचं."

म्हशीच्या दुधाला सहा फॅट लागतं. पडद्यावर तीनसुद्धा येईना. तो पडद्याकडं बघत राहिला, मग माझ्या पिशवीकडं. त्याला सगळं समजलं.

"पाणी हाय त्यात," मी सांगितलं. "आई घालती. मी बघती. तुम्हाला कळू नये म्हणून पार्सल दडवलं... आता बोला की काहीतरी."

त्यानं नमुन्याची बाटली पुसून माझ्यासमोर ठेवली. मी जमिनीकडं बघत, भुई दुभंगावी असं वाटत होतं.

"उद्यापासनं अर्धाच कॅन आणीन. पण निव्वळ दूध," मीच म्हटलं.

"संध्याकाळी तुमच्या घरी येतो," तो हळूच म्हणाला.

मी चटकन मान वर केली. "आईला बोल लावायला?"

"न्हाय, गुलाब. मागणी घालायला." पहिल्यांदाच त्यानं 'बाई' न म्हणता नुसतं माझं नाव घेतलं. "आणि आईंना सांग, चहा कोराच ठेवा. मला दुधाचा चालत न्हाय."

"खोटं बोलू नका."

"खरंच न्हाय चालत," तो म्हणाला. "म्हैस गाभण राहून व्येईपर्यंत तरी."